कृष्णाकाठचे काळे लुगडे

1926 साली अमेरिकेच्या 'व्होग' मासिकाने पॅरिसच्या कोको शॅनेल यांच्या साध्या काळ्या पोशाखाचे चित्र छापून, फोर्डच्या मोटारीप्रमाणे तो घरोघर जाईल असे भाकीत केले, तेव्हा सुतकाचा म्हणून बाजूला ठेवलेला रंग दिवसाच्या कामाला आणि संध्याकाळच्या समारंभाला एकदमच कसा चालावा, याचे तिकडच्या शौकिनांना नवल वाटले. कृष्णाकाठच्या बाईला ते वाटण्याचे कारण नव्हते, कारण काळे इरकली लुगडे तिच्या अंगावरही होते आणि पेटीतही होते.

1801 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून विभक्त होऊन कृष्णाकाठच्या सांगलीस आले, आणि तेथे जे संस्थान उभे राहिले त्याचा मुलूख सलग नव्हता; मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी असे परस्परांपासून दूर पडलेले तालुके त्यात मोडत. त्यांपैकी बेळगावलगतचे शहापूर आणि तेरदाळकडील रबकवी ही विणकरांची वस्ती असल्यामुळे, कानडी मागावर विणलेले लुगडे सांगलीच्या दप्तरी मात्र संस्थानच्याच रयतेच्या हातचे ठरे. लुगड्याला नाव देणारे खुद्द इरकल त्याहून पुढे, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यात, हुनगुंद तालुक्यात. चोळीचे खण गुळेदगुड्डचे.

इरकलीची खरी करामत पदरात आहे. अंगाचा सुती ताणा आणि पदराचा लाल रेशमी ताणा वेगवेगळे लावून, एकाचे फासे दुसऱ्याच्या फाशांत अडकवून विणकर त्यांचा सांधा करतो. त्यामुळे प्रत्येक लुगड्याला ताणा नव्याने जुळवावा लागतो आणि घाऊक कापडाची घाई या धंद्याला मानवत नाही. लाल पदरावर पांढऱ्या शिखरांची रांग उमटते, ती 'टोपपदर' नावाने ओळखली जाते.

काळ्या अंगावर चुलीची काजळी व मळ्यातला चिखल लपतो, म्हणून ते रोजचे. कासोटा घातलेल्या नऊवारीत भांगलणही करता येते. तेच लुगडे जरा नवे असले, काठ रुंद असला आणि खण ठेवणीतला असला की संध्याकाळच्या हळदीकुंकवाला चालते. मध्ये विरले की फाटका भाग काढून, दंड घालून पुन्हा नेसायचे, आणि तेही संपले की जुनेराची वाकळ शिवायची.

मंगलकार्यात काळे वर्ज्य मानणाऱ्या समाजाने संक्रांतीला मात्र नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून, अंगावर हलव्याचे दागिने घालून मिरवावे, ही विसंगती मला मोठी लोभस वाटते. काळा रंग ऊब धरतो हे तिचे शास्त्रीय म्हणून सांगितले जाणारे कारण खोटे नाही, पण पुरेसेही नाही; नित्याच्या सोबतीच्या रंगाला वर्षातून एक मानाचा दिवस देण्याची वृत्ती त्यामागे असावी, असे माझे मत आहे.

हातमागाच्या या धंद्याभोवतीचे जग मात्र बदलत गेले: 1904 साली विठ्ठलराव दातारांनी सांगलीजवळच इचलकरंजीत यंत्रमाग आणला. 1948 साली संस्थान विलीन झाले, आणि 1956 च्या प्रांतरचनेत विणकरांची गावे म्हैसूर राज्यात गेली. माल मात्र पूर्वीच्याच वाटेने सांगलीच्या पेठेत येत राहिला. घेणारीने आजही पदर उलटून पाहावा: सांधा बोटाला लागला तर लुगडे हातमागाचे, आणि लाल पदरातून काळा ताणा डोकावत असेल तर दुकानदाराला किंमत उतरवायला खुशाल सांगावे.