मेथडिस्ट वर्गसभा : उगम आणि मूल्य

ख्रिस्ती मंडळीतील लहान गटांच्या सेवाकार्याचा विचार करू लागले असता अठराव्या शतकातील मेथडिस्ट ‘वर्गसभे’चे उदाहरण प्रथम समोर येते. ही सभा जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याने पूर्वयोजनेनुसार स्थापिली, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः तिचा उगम एका कर्जफेडीत आहे. आणि तिचे मूल्य ठरवावयाचे तर हा उगम दृष्टीआड करून चालणार नाही.

ब्रिस्टल येथे १७३९ मध्ये बांधलेल्या सभागृहामुळे तेथील मेथडिस्ट समाजावर कर्ज झाले होते. त्याच्या फेडीचा विचार करण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी काही सभासद एकत्र आले. प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी, अशी सूचना पुढे आली. पुष्कळांस तेवढेही झेपणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा एका सभासदाने (परंपरेनुसार कॅप्टन फॉय याने) अकरा अत्यंत गरीब माणसांचा भार स्वतःवर घेतला. त्यांच्या वर्गणीतील तूट तो स्वतः भरणार होता. यातूनच सुमारे बारा जणांचा ‘वर्ग’ व त्याचा नायक ही रचना सिद्ध झाली. येथे ‘वर्ग’ याचा अर्थ केवळ विभाग असा आहे, हे लक्षात ठेवावे.

वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्या नायकांस सभासदांचे खरे आचरण दिसू लागले आणि वेस्लीला या योजनेचे धार्मिक महत्त्व उमगले. पुढे अडचणी आल्या. नायकांस वेळ पुरेना. धन्याच्या घरी राहणाऱ्या चाकरांची भेट घेऊ दिली जाईना. परस्परांतील गैरसमज समोरासमोर आल्यावाचून मिटेनात. म्हणून प्रत्येक वर्गाने आठवड्यातून एकदा एकत्र जमावे, असे ठरले. पवित्र शास्त्रात अशा सभेची आज्ञा नाही, या आक्षेपास वेस्लीचे उत्तर असे की, ही केवळ व्यवहारबुद्धीने योजिलेली साधने होत.

या रचनेमुळे दीक्षा न घेतलेले कारागीर, तसेच स्त्रियाही, इतरांच्या आत्मिक हिताच्या जबाबदार झाल्या. एका पाळकास जे शक्य नव्हते ते अनेकांत वाटले गेले. हा नमुना धर्मक्षेत्राबाहेरही पोहोचला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या चार्टिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेनेही वर्ग व वर्गनायक ही पद्धत स्वीकारली.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. सभासदत्वाचे तिकीट दर तिमाहीस नवे करून घ्यावे लागे व गैरवर्तनी माणसास ते नाकारले जाई. ई. पी. टॉम्पसन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात मेथडिस्ट शिस्तीचा संबंध कारखान्यातील श्रमशिस्तीशी जोडला. ही टीका सर्वस्वी अमान्य करता येणार नाही. जिथे बाराजण एकमेकांस जवळून ओळखतात तिथे आधार आणि पाळत ही दोन्ही एकाच ओळखीतून जन्म घेतात.

तेव्हा निर्णय कशावर करावा? आमच्या मते, नायकाने उचललेल्या भारावर. आरंभी नायक हा प्रथम गरिबाची पेनी भरणारा होता. आचरणाची विचारपूस त्यानंतर आली. एकोणिसाव्या शतकात वर्गसभा पुष्कळ ठिकाणी हजेरीपुरती उरली व तिची उपस्थिती रोडावत गेली. अमेरिकेतील दक्षिणेकडील मेथडिस्ट मंडळीने तर १८६६ मध्ये ही उपस्थिती सभासदत्वाची अट म्हणून ठेवली नाही. संख्या लहान असणे एवढ्यानेच गटास मूल्य येत नाही. ज्याने विचारावयाचे, त्याने आधी दुसऱ्याचे ओझे उचललेले असले पाहिजे, हाच ब्रिस्टलच्या त्या हिशेबाचा खरा बोध होय.