चार एक्क्यांचं कूळ

आजोळी मे महिन्याच्या दुपारी माजघरात पत्त्यांचे डाव चालत. झब्बू झाला, मेंढीकोट झाला, पोरं कंटाळली की मामा कॅट हातात घेई आणि त्यातले चार गुलाम काढून पंख्यासारखे धरी. ‘हे चार चोर. यांना वाडा फोडायचाय.’ पंखा मिटायचा, गुलाम कॅटच्या डोक्यावर जाऊन बसायचे आणि मग वरचं एकेक पान मध्येच कुठेतरी सरकवलं जायचं. पहिला चोर तळघरात, दुसरा माजघरात, तिसरा माडीवर, चौथा गच्चीवर पहाऱ्याला. मामा बोटाच्या पेराने कॅटवर टकटक करी. ‘पोलीस आले रे!’ आणि वरून एकामागून एक चारही गुलाम बाहेर पडत.

पुष्कळ वर्षांनी त्यानेच उलगडून दाखवलं. पंख्यातल्या शेवटच्या गुलामामागे आणखी तीन पानं काठाला काठ लावून लपलेली असत. पंखा मिटून पालथा कॅटवर ठेवला की ती तीन पानं सगळ्यांत वर येत. तळघरात, माजघरात, माडीवर शिरायची ती हीच. चोर गच्चीवरून हललेलेच नसत. आम्ही डोळे ताणून बघायला लागायचो तेव्हा करायचं ते करून झालेलं असे.

हाच खेळ मोठ्यांच्या बैठकीत एक्के घेऊन होतो. त्याची कुळकथा शोधायला लागलो तेव्हा जवळजवळ साडेचारशे वर्षं मागे जावं लागलं, आणि जागोजागी मामाचीच युक्ती वेगळ्या वेषात भेटत गेली.

एक्का हे पान जन्माने गरीब. युरोपात त्याला ‘अस’ म्हणतात, तो लॅटिनमधला शब्द. रोमन लोकांचं तांब्याचं एक नाणं म्हणजे ‘अस’, आणि कुठल्याही मापातला पहिला एकही ‘अस’च. फाशांवर एकच ठिपका पडला तर ते सगळ्यांत हलकं दान. तरी पत्त्यांत हा एकुलता ठिपका चढत चढत राजाच्याही वर जाऊन बसला, आणि खालची जागाही त्याने पुरती सोडली नाही. आपल्या घरातच बघा: बदाम सातमध्ये एक्का अगदी तळाला लागतो, झब्बूत तोच राजाला मारतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातल्या पाच रंगांत प्रधानाखालोखाल मान दश्शीला, उरलेल्या पाचांत क्रम उलटा आणि मान एक्क्याला. आपण ‘हुकमाचा एक्का’ म्हणतो तेव्हा त्याची वरची जागाच तेवढी लक्षात ठेवतो.

जादूगाराला मात्र तो वेगळ्याच कारणाने हवासा वाटतो. पांढऱ्या पानावर मधोमध एकच खूण. दिवाणखान्याच्या पार टोकाला बसलेल्या आजींनाही ती कळते. सत्ती की अठ्ठी, ठिपके मोजा, असला घोळ नाही. चारच असतात, त्यामुळे किती गेले आणि किती राहिले हे सांगावं लागत नाही. आणि जुगाराच्या फडावर चार एक्के एकाच माणसाच्या हातात आले की बाकीच्यांची नजर तिथेच खिळते. जादूगाराला तेवढंच हवं असतं.

या खेळाचं सापडणारं जुनं घर म्हणजे रेजिनाल्ड स्कॉट याचं १५८४ सालचं पुस्तक, ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’. आणि इथे थोडं थांबलंच पाहिजे, कारण हे पुस्तक जादू शिकवायला लिहिलेलं नाही. स्कॉट हा इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला जमीनदार. त्या काळी चेटकीण ठरवून माणसांना फासावर चढवत, आणि त्या माणसांत जास्त करून असत त्या गरीब, म्हाताऱ्या, एकट्या बायका. स्कॉटला हे सहन होईना. चेटूक म्हणून ज्याला भितात ते कसं भ्रमाचं, भीतीचं आणि बनवाबनवीचं असतं हे त्याने पानामागून पान लिहून मांडलं. आणि मग त्याने एक धाडसाची गोष्ट केली. बाजारात खेळ करणाऱ्यांच्या हातचलाख्या उघड करून छापल्या: नाणी, गोळे, दोऱ्या, खोटी पाती असलेल्या सुऱ्या, आणि पत्ते. बघा, हे माणसाच्या बोटांचं काम आहे, यात सैतान कुठेच नाही, हा त्याचा मुद्दा.

त्या पत्त्यांच्या प्रकरणात चार एक्के दाखवून त्यांचे चार गुलाम करण्याची कृती आहे. चार एक्के आणि चार गुलाम घ्यायचे, एकाआड एक लावायचे आणि ही आठ पानं कॅटच्या तळाशी ठेवायची. पिसायचं, पण तळाला हात न लावता. मग कॅट उचलून तळाचा एक्का सगळ्यांना दाखवायचा, हात पालथा करायचा आणि एक्का काढल्यासारखं करत त्याच्या वरचा गुलाम ओढायचा. एक्का बोटाखाली तसाच अडवलेला. समोरच्याने एक्का डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून हातात पालथं आलेलं पान एक्काच आहे असं तो शपथेवर सांगेल. मग तळाचा तो एक्का मध्येच कुठेतरी सरकवायचा, आणि चार वेळा हेच. पानं उलटली की चार गुलाम.

स्कॉट याही पुढे जाऊन वाचकाला सावधही करतो. अनोळखी माणसांत पत्त्यांना बसताना जपा, आणि साधाभोळा किंवा झिंगलेला दिसणारा कुणी असेल तर जास्तच जपा, पक्के ठक त्याच वेषात असतात. ही कला त्याने कुणाची बघितली तेही तो लिहितो: लंडनमधल्या सेंट मार्टिन्स भागात राहणारा जॉन कोतारेस नावाचा फ्रेंच माणूस, जो या कसबावर पोट भरत नव्हता, घाम गाळून दुसरं काम करत होता. एका कष्टकरी परदेशी माणसाचा हात इतका मोलाचा मानून त्याचं नाव पुस्तकात घालणं, हे मला स्कॉटच्या मनाची साक्ष वाटतं. पुढे स्कॉटलंडच्या राजा जेम्सने १५९७ साली चेटूक खरंच असतं अशी बाजू घेऊन पुस्तक लिहिलं आणि प्रस्तावनेत स्कॉटचं नाव घेऊन त्याला खोडून काढलं. राजाचं ते पुस्तक आज अभ्यासकांपुरतं उरलं आहे. स्कॉटच्या पुस्तकापासून पत्त्यांचे जादूगार आपली वंशावळ मोजतात.

खेळाच्या वाटेवर खुद्द एक्क्याचीही एक गोष्ट भेटते. नव्या कॅटमधला इस्पिकचा एक्का बाकीच्या तीन एक्क्यांपेक्षा मोठा आणि नक्षीदार का असतो, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ते कराचं लेणं आहे. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता, आणि १७६५ पासून इस्पिकचा एक्का सरकारी मुद्रांक कचेरी स्वतःच छापू लागली. कारखानदाराने कर भरायचा तेव्हा तो एक्का मिळायचा. नक्कल करणाऱ्याला देहदंड. रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला या गुन्ह्यासाठी १८०५ साली खरोखर फाशी दिलं गेलं. तो कर १९६० साली गेला, नक्षी राहिली.

आता आज ज्याला चार एक्क्यांचा खेळ म्हणतात त्याकडे येऊ. चार एक्के टेबलावर ओळीने पालथे मांडायचे, प्रत्येकावर तीन-तीन साधी पानं ठेवायची. एक ढीग प्रेक्षकाने निवडायचा, तळहाताखाली दाबून धरायचा. बाकीचे तीन ढीग उलटून दाखवावेत तर एक्का एकातही नाही, आणि दाबून धरलेल्या ढिगात चारही. याला जादूगार अजून कोन्यूस या फ्रेंच कलावंताचं नाव लावतात. त्याच्या खेळाचं वर्णन पोन्सॅं याने १८५३ च्या पुस्तकात केलं. स्कॉटच्या खेळात पान बदलतं, इथे पान प्रवास करतं. मला हा बदल फार मोठा वाटतो. बदललेलं पान बघून माणूस चकित होतो, पण एक्के कुठेतरी निघालेत आणि आपल्याच हाताखाली येऊन पोचलेत म्हटल्यावर त्याला गोष्ट मिळते.

गुपित पुन्हा मामाचंच. एक्के दाखवून झाले की त्यांच्यावर तीन साधी पानं गुपचूप चढतात. ओळीने मांडताना पहिल्या तीन जागी ती साधी पानं जातात, चौथ्या जागी खरा एक्का. उरलेले तीन एक्के आता कॅटच्या डोक्यावर, आणि चौथ्या ढिगावर ‘साधी’ म्हणून टाकायची तीन पानं तीच. प्रेक्षक ढीग निवडतो आणि श्वास रोखतो, तेव्हा एक्के केव्हाच घरी पोचलेले असतात.

त्याच काळात व्हिएन्नात योहान नेपोमुक होफ्झिन्सर नावाचा सरकारी अधिकारी राहत होता. दिवसा वित्त खात्याची कचेरी, संध्याकाळी घरच्या दिवाणखान्यात निवडक पाहुण्यांसमोर पत्त्यांचे प्रयोग. त्याने पत्त्यांना काव्याच्या जवळ नेलं. १८७५ मध्ये तो वारला. त्याच्या कलेचं बरंचसं ज्ञान त्याच्याबरोबर गेलं असतं, पण ओटोकार फिशर याने शिष्यांकडून, पत्रांतून वेचून १९१० मध्ये पुस्तक काढलं. त्यात एक कोडं राहून गेलं. चार एक्के टेबलावर पालथे, प्रेक्षकाने घेतलेलं पान कॅटमध्ये हरवलेलं. त्या पानाच्या रंगाचा एक्का आपोआप सुलटा होतो, आणि मग तोच एक्का प्रेक्षकाचं पान बनतो. होफ्झिन्सर ते कसं करी हे कळलं नाही. तेव्हापासून जगभरचे जादूगार आपापली उत्तरं काढत आले आहेत.

पुढचा मोठा टप्पा अमेरिकेत. १९०२ साली शिकागोत ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ हे पुस्तक निघालं, लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे टोपणनाव. खरा माणूस कोण यावर आजही वाद आहे. पत्त्यांत लबाडी कशी करतात ते त्यात एखाद्या कारागिराच्या शिस्तीने लिहिलेलं होतं. कॅनडातल्या ऑटावा शहरात १८९४ साली जन्मलेल्या डाय व्हर्नन या जादूगाराने ते पोरवयात जवळजवळ पाठ केलं. आणि त्याच व्हर्ननने चार एक्क्यांना मंद केलं. त्याच्या रीतीत एक्के एकदम नाहीसे होत नाहीत. एक ढीग सावकाश उघडतो, त्यात एक्का नाही. दाबलेल्या ढिगातलं एक पान उलटतं, तिथे तो आहे. मग दुसरा. मग तिसरा. बघणाऱ्याला थांबवायला, पकडायला भरपूर वेळ दिलेला असतो.

व्हर्ननच्याच वर्तुळातल्या एका जादूगाराचं नाव मला विसरता येत नाही: मॅकडोनल्ड. त्याला एकच हात होता. पान लपवायला दुसरा तळहात नाही, मदतीला दुसरा अंगठा नाही. त्याने दोन्ही बाजूंना चेहरा असलेली खास पानं वापरून हा खेळ असा बसवला की एकेक एक्का लोकांच्या डोळ्यांसमोर विरघळत जाई. आज तो खेळ दोन्ही हात धडधाकट असलेले जादूगार करतात, आणि त्याला मॅकडोनल्डचेच एक्के म्हणतात.

हातचलाखी अजिबात न शिकता करता येईल असाही एक चार एक्क्यांचा खेळ आहे, अमेरिकेच्या स्टीव्ह बेलचूचा, १९३९ मध्ये छापून आलेला. तो इथे देतो, कारण तो घरात राहावा असं मला मनापासून वाटतं. चारही एक्के आधीच कॅटच्या वर ठेवा. कॅट पालथा टेबलावर ठेवून समोरच्याला त्याचे साधारण सारखे चार ढीग करायला सांगा आणि एक्के असलेला ढीग डोळ्याच्या कोपऱ्यातून धरून ठेवा, तो शेवटचा. कॅटला तुम्ही हात लावायचा नाही. आता पहिला ढीग त्याला हातात घ्यायला सांगा. वरची तीन पानं एकेक करून त्याच ढिगाच्या तळाशी घालायची, मग वरचं एकेक पान बाकीच्या तीन ढिगांवर ठेवायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाचंही असंच. एक्क्यांच्या ढिगावर तोवर तीन परकी पानं जमलेली असतात. तो ढीग घेतला की ती तीन तळाशी जातात आणि एकेक एक्का एकेका ढिगावर जाऊन बसतो. चारही ढिगांचं वरचं पान त्यालाच उलटू द्या.

आज रात्री जेवणं उरकली की कॅट काढा आणि घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला हा खेळ करून दाखवा. घाई करू नका. पुन्हा दाखवा म्हणून ते मागे लागलं तर त्या दिवशी दाखवू नका. आठवडाभराने त्याला जवळ बसवून शिकवा.