मुद्रणप्रसार, हिंसा आणि लोकशाही : रॉबिन जेफ्री यांची मांडणी

भारतीय भाषांतील वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा संपादकांची चरित्रे आणि अग्रलेख यांच्या आधारे लिहिला गेला. रॉबिन जेफ्री यांनी तो छापखाना, जाहिरात, वितरण आणि वार्ताहर यांच्या अंगाने लिहिला. 1960च्या दशकात कॅनडातील व्हिक्टोरिया येथे ते क्रीडावार्ताहर होते. पुढे चंदीगढला त्यांनी शाळेत अध्यापन केले आणि त्रावणकोरमधील नायर वर्चस्वाच्या ऱ्हासावर ससेक्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

पंजाबवरील 1986च्या ग्रंथात ते तेथील संघर्षाचे मूळ प्राचीन वैरात न शोधता आधुनिकीकरणात शोधतात. हरितक्रांती, दळणवळण आणि साक्षरता यांनी माणसे जवळ आणली. त्याच प्रक्रियेत 'आपण' आणि 'ते' यांमधील सीमाही ठळक झाल्या. पंजाबातील वृत्तपत्रांना या संघर्षात तटस्थ साक्षीदार राहता आले नाही. जालंधरच्या 'हिंद समाचार' समूहाने भाषावादात उघड पक्ष घेतला. त्याचे संस्थापक लाला जगत नारायण यांची 1981मध्ये, तर पुत्र रमेशचंद्र यांची 1984मध्ये हत्या झाली.

2000 सालच्या वृत्तपत्रक्रांतीवरील ग्रंथात हाच प्रश्न लोकशाहीच्या बाजूने येतो. आणीबाणीनंतरची राजकीय जिज्ञासा, ऑफसेट छपाई, वाढती साक्षरता आणि ग्रामीण बाजारपेठ यांमुळे दर हजार लोकसंख्येमागे दैनिकांच्या प्रती 1976मधील सुमारे 15वरून 1996मध्ये सुमारे 43वर गेल्या. हेबरमासप्रणीत लोकव्यवहाराचे क्षेत्र येथे भांडवलाच्या आधाराने विस्तारले. परंतु दहा वर्षांहून अधिक काळाच्या अभ्यासात मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रात काम करणारा एकही दलित पत्रकार आपल्याला भेटल्याचे जेफ्री यांना आठवत नाही. 2012च्या राजेंद्र माथुर स्मृतिव्याख्यानातही त्यांनी ही अनुपस्थिती पुन्हा मांडली. आंबेडकरांनी 1920 साली 'मूकनायक' ज्या उणिवेपोटी काढला, ती वाचकसंख्येच्या वाढीने आपोआप भरून निघाली नाही.

जेफ्री यांचा भर उद्योगाच्या रचनेवर आहे. बातमीच्या भाषेचे विश्लेषण त्या मानाने थोडे. मराठी समीक्षेने पुढे न्यावे असे काम येथेच आहे. जातीय अत्याचाराच्या वृत्तात 'दोन गटांत तणाव' असा शब्दप्रयोग येतो, तेव्हा हल्लेखोर आणि पीडित सारखेच निनावी होतात. बातमी कोण लिहितो हा प्रश्न अशा वेळी तिच्या वाक्यरचनेचाही प्रश्न ठरतो.