निबंधातल्या अवतरणाची कुळकथा

कवितेवरच्या निबंधात कवीची ओळ बेमालूम बसवण्याची रीत इंग्रजी शाळेने मराठीला दिली, असे सर्रास समजले जाते. अवतरणचिन्हांपुरते ते खरे आहे. जुन्या हस्तलिखितांत दंडाखेरीज विरामचिन्ह जवळजवळ नसेच. मोडीत तर शब्दही तोडून लिहीत नसत. मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि शालेय पुस्तकांतून ही चिन्हे रुळली. पण चिन्ह हे नुसते कुंपण. कुंपणाआडची ओळ लिहिणाऱ्याच्या वाक्यात मिसळते कशी, याचे उत्तर कँडींच्या पुस्तकात नव्हे, त्याच्या साडेपाचशे वर्षे आधीच्या, महानुभाव पंथाच्या एका ग्रंथात सापडते.

तो ग्रंथ म्हणजे केशोबासांचा ‘दृष्टांतपाठ’, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यात 114 दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची बांधणी तीन अंगांची: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे, दार्ष्टांतिक केशोबासांचे. आधी वचन, मग ते पटवणारी गोष्ट, मग त्या गोष्टीचा प्रस्तुताशी मेळ. हत्ती चाचपणाऱ्या जात्यंधांची गोष्ट घ्यावी. ती सांगून झाली की केशोबास पुढे होऊन तिचा रोख कोणाकडे आहे हे उलगडतात. स्वामींचे शब्द कुठे संपले आणि केशोबासांचे कुठे सुरू झाले, हे कळायला एकाही चिन्हाची गरज लागत नाही. मांडणीच ते सांगते. स्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या, म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’तही, जिथे त्या आठवणींत फरक पडतो तिथे, अमुक पाठ अमक्याचा असे नावानिशी नोंदलेले दिसते. दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याच्या नावावर ठेवण्याची ही शिस्त मराठी गद्याच्या पहिल्याच पिढीत आहे.

या उपपत्तीवर एक जबर आक्षेप येतो. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे ते पंथाबाहेर वाचले जाऊ लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली 1874 मध्ये. मग केशोबासांपासून चिपळूणकरांपर्यंत धागा पोचला कसा? ग्रंथांवाटे पोचला नाही, हे उघडच आहे. तो पोचला कीर्तनावाटे. केशोबासांनी ही बांधणी शोधून काढली नसावी. निरूपणाची चालत आलेली बोलण्याची पद्धत त्यांनी कागदावर उतरवली असावी. लेखी पुरावा मागणाऱ्याला हे अनुमान तोकडे वाटेल, पण कीर्तन ऐकलेल्याला ते पटायला हरकत नाही.

वारकरी कीर्तनात निरूपणाला एक अभंग घेतात आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला इतर संतांच्या वचनांचा आधार देतात. या आधाराला ‘प्रमाण’ म्हणतात. प्रमाण येण्यापूर्वी कीर्तनकार श्रोत्यांना अशा जागी आणून उभे करतो की ती ओळ आता यायलाच हवी असे वाटावे. तो अर्धा चरण उच्चारतो, उरलेला टाळकरी उचलतात, आणि पुन्हा निरूपण सुरू होते. ओळ उपरी वाटत नाही, कारण तिची वाट आधीच झाडून ठेवलेली असते. पनवेल तालुक्यातल्या आगरी-कराडी गावांत हरिनाम सप्ताहात हे आजही ऐकू येते. संस्कृत टीकाकार श्लोकाआधी जी अवतरणिका लिहीत, तीही हेच काम करी. पण ती पंडितांपुरती राहिली. कीर्तन देवळात बसलेल्या सगळ्यांच्या कानांवर पडले.

दुसरा पुरावा व्याकरणाचा आहे, आणि तो वादग्रस्त आहे. मराठीत दुसऱ्याचे बोलणे वाक्यात दोन तऱ्हांनी जोडता येते: वचनाआधी ‘की’ घालून, किंवा वचनानंतर ‘असे’, ‘म्हणून’ घालून. ‘की’ कुठला, यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष तो फारसीतून आला म्हणतो, दुसरा संस्कृत ‘किम्’कडे बोट दाखवतो. ज्ञानेश्वरीत ‘कीं’ आहे, म्हणून दुसरा पक्ष वरचढ वाटतो. पण तिथे तो बहुधा विकल्प किंवा निश्चय सांगतो. दोन्ही पक्षांना अर्धाअर्धा न्याय द्यावा लागेल: शब्द घरचा, पण बोलणे जोडण्याचे काम त्याला फारसीच्या सहवासात लागले. ‘म्हणून’चे तसे नाही. ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप. कन्नडातले ‘एंदु’ आणि तेलुगूतले ‘अनि’ नेमके असेच, ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेले आणि वचनानंतर येणारे. संस्कृत ‘इति’ची जागाही तीच. म्हणजे वचन आधी, जोड मागून ही दख्खनची जुनी सवय आहे आणि ती इंग्रजीहून निराळी आहे.

याचा परिणाम थेट लेखनावर होतो. ‘कवी म्हणतो की’ असे लिहिले की ओळ वाक्याच्या शेवटी जाऊन पडते, आणि लिहिणारा तिथेच हात झटकून मोकळा होतो. ओळ आधी आणून मागून ‘असे म्हणताना कवी…’ असे लिहिले, तर वाक्य पुरे करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच राहते. ‘असे म्हणताना’ नंतर काहीतरी म्हणावेच लागते, आणि दार्ष्टांतिक आपोआप लिहिले जाते.

पुढचे टप्पे परिचित आहेत. परशुरामतात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीत’ने 1854 मध्ये जुन्या कवितेचे वेचे शाळेत आणले. 1869 मध्ये सरकारी खर्चाने तुकोबांची गाथा छापली गेली आणि अभंग क्रमांकाने सांगता येऊ लागला. चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेवर लिहिले तेव्हा डोळ्यांपुढे इंग्रज निबंधकार होते, यात शंका नाही. आवेश आणि वादाची ऐट तिकडचीच. नंतर परीक्षांनी ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ आणले. या प्रश्नाने ओळ कोण कोणाला म्हणाले एवढ्यावर आणून ठेवली आणि निरूपणाची सवय बरीच मोडली.

आता पनवेलच्या शाळेतला दहावीचा विद्यार्थी ‘कुमारभारती’ या पाठ्यपुस्तकातल्या कवितेचे रसग्रहण लिहितो. गावातल्या सप्ताहात बसला असेल तर प्रमाण कसे देतात हे त्याने ऐकलेले असते. उत्तर लिहून झाल्यावर त्याने अवतरणचिन्हे बोटाने झाकून ते एकदा मोठ्याने वाचावे. ओळ कोणाची आणि मत कोणाचे हे तरीही ऐकणाऱ्याला कळले, तर उत्तर जमले.