आधी छप्पर, मग अक्षर

कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या गाड्यांचा गोंगाट विरतो, पायाखालचं डांबर जाऊन धुरळा येतो. सन 1901. तुम्ही बारा वर्षांचे आहात. खेड्यातून चालत आलाय, काखेत गाठोडं आहे आणि त्यात आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या. "पोरगं हुशार आहे, कोल्हापूरला धाडा," असं मास्तरांनी सांगितलं म्हणून बापानं मन घट्ट केलंय. शाळेत नाव घालता येईल, पण रात्री पडायचं कुठं? पेठेत ओळखीचं एकही घर नाही. ज्यांच्या जातभाईंची घरं शहरात आहेत, त्यांना ओसरी मिळते, वार लावून जेवण मिळतं. कुणब्याच्या पोराला कोण दार उघडणार? भाकऱ्या चार दिवसांत संपतात. अशी कितीतरी हुशार पोरं आल्या वाटेनं परत गेली.

तुम्ही परत जात नाही, कारण याच वर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलंय. संध्याकाळी पंगतीला बसता, आमटी-भाकरी पोटभर खाता. मग एका कंदिलाभोवती सहा-सात डोकी जमतात. गावाकडं त्रैराशिकाचं गणित तुम्हाला कधी उमगलं नव्हतं. शेजारचा वरच्या इयत्तेतला मुलगा तेच गणित पाटीवर तीनदा मांडून दाखवतो आणि तिसऱ्या वेळेला ते सुटतं. डोकं तेच आहे. पोट भरलंय, उजेड आहे आणि विचारायला शेजारी माणूस आहे.

आता 1908. या वेळी तुमची जात अशी आहे, की गावच्या शाळेत तुम्ही उंबऱ्याबाहेर बसता. आतून मास्तरांचा आवाज येतो, फळा दिसत नाही. कविता पाठ आहेत, पाढे पाठ आहेत, पण अक्षराचं वळण कुठून सुरू होतं हे डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडतं आणि तुमचं अंथरूण तिथं पडतं. उद्घाटनाला जैन बोर्डिंगात राहणारा एक विद्यार्थी येऊन जातो. परतल्यावर विटाळ झाला म्हणून त्याला अंघोळ करायला सांगतात. तो नाही म्हणतो आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागतं. त्याचं नाव भाऊराव पाटील. पुढं 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी तो रयत शिक्षण संस्था काढतो आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकाच वसतिगृहात एकत्र जेवायला बसवतो. त्याच 1919 च्या सप्टेंबरात करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम निघतो. तुमचा धाकटा भाऊ वर्गात आत बसतो. मास्तर फळ्यावर 'अ' काढतात. खडू कुठं टेकतो, कुठं वळतो, कुठं थांबतो, सगळं त्याला दिसतं. तुम्हाला जे वर्षानुवर्षं कानांनी शिकावं लागलं, ते तो डोळ्यांनी एका सकाळीत उचलतो.

दीड वर्ष मागं या. 4 मार्च 1918, करवीरमधलं चिखली गाव. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाची सुरुवात इथून होतेय. तुम्ही म्हशी राखणारं पोर आहात. बाप तक्रार करतो, "ह्यो शाळंत गेला तर म्हशीमागं कोण जाणार?" पण मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड आहे, आणि रुपया म्हणजे त्या घरात मोठी रक्कम. बाप कुरकुरत का होईना, तुम्हाला धाडतो. हुशारी असो-नसो, आता तुमची जागा वर्गात आहे. फी माफ करून राजा थांबला नाही. पोराचे कामाचे तासही त्यानं मोकळे करून घेतले.

गाव सोडू नका. आता ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलंय. चिखली रिकामी करताहेत. माळ्यावर ठेवलेलं दप्तर तसंच ठेवून तुम्ही होडीत बसता. पाणी ओसरल्यावर वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली असतात. त्यातून सावरता न सावरता तोच मार्च 2020 येतो आणि कोरोनाच्या टाळेबंदीत शाळेला कुलूप लागतं. घरात फोन एकच, तो बापाबरोबर कामावर जातो. रात्री तो घरी आला की बाईंनी व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो बघून तुम्ही वही भरता. अक्षर सुबक येतं, पण "कळलं का?" असं विचारणारं कुणी नसतं. चुकलेलं गणित तसंच वहीत राहतं आणि पुढचा धडा त्याच्यावर रचला जातो.

एवढं फिरून आलात. आता ठामपणे सांगता येईल, की परिस्थिती बदलली की मूल शिकण्याची रीतच बदलतं. उंबऱ्याबाहेर ते ऐकून शिकलं, कंदिलाभोवती एकमेकांना विचारून शिकलं, फोनसमोर उतरवून घ्यायला लागलं. 1901 च्या भुकेल्या मुलाला आणि 2020 च्या फोनची वाट बघणाऱ्या मुलाला 'अभ्यासात मागं' म्हणणं हा अन्याय आहे. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. ते बिरुद मिरवायचं असेल, तर पुढच्या पुरानंतर, पुढच्या टाळेबंदीनंतर गुणपत्रिका हातात घेण्याआधी त्या पोराला विचारा: रात्री झोपलास कुठं, जेवलास काय, अडलं तेव्हा जवळ कोण होतं? उत्तरं ऐकून घ्यायची आणि कामाला लागायचं. महाराजांनी तेच केलं होतं.