पवनचक्कीआधी वायरमन

आज जाऊया डेन्मार्कला, तेही सव्वाशे वर्षं मागे.

पवनचक्की कोणी बनवली, हे आपण लगेच विचारतो. पण ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? हा प्रश्न एका मास्तरांना पडला होता. त्यांचं नाव पोल ला कूर.

आस्कोव्ह नावाच्या गावात शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी एक शाळा होती. तिथे परीक्षा नाही, मार्क नाहीत. ला कूर १८७८ पासून तिथे शिकवायचे. तेव्हा वीज शहरांत पोचू लागली होती, खेडी मात्र अंधारातच. गावाला वीज मिळाली नाही तर पोरं गाव सोडणार, ही त्यांची काळजी. (ओळखीची वाटते ना?)

१८९१ मध्ये सरकारी मदतीतून त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारली आणि तिला डायनॅमो जोडला. वारा पडला की काय करायचं? तर त्या विजेनं पाण्यापासून हायड्रोजन बनवायचा, साठवायचा आणि त्यावर शाळेतले दिवे लावायचे. कधीकधी स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटायच्या, बरं का! पण काही वर्षं शाळेत खरोखर हे दिवे जळत होते.

इथपर्यंतची गोष्ट एका हुशार संशोधकाची. खरी गंमत पुढे आहे.

गावोगावी छोटी वीजकेंद्रं निघायची तर शहरातून इंजिनिअर किती वेळा येणार? म्हणून १९०४ पासून ला कूर यांनी आस्कोव्हलाच गावाकडच्या मुलांसाठी इलेक्ट्रिशियनचे वर्ग सुरू केले. थोडक्यात, गावाचा वायरमन गावातच तयार करायचा. १९०८ मध्ये ला कूर गेले, पण काम थांबलं नाही. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा वाऱ्यावर चालणारी सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रं डेन्मार्कमध्ये होती.

त्या १९०४ च्या पहिल्या वर्गात १७ वर्षांचा एक मुलगा होता, योहानेस यूल. पुढे तो वीज कंपनीत लागला. साठीच्या आसपास, म्हणजे लोक निवृत्तीचं बघतात त्या वयात, यूल पुन्हा वाऱ्याकडे वळले. १९५७ मध्ये त्यांनी गेडसर इथे २०० किलोवॅटची पवनचक्की चालू केली. तीन पाती, आणि वेग फार वाढला तर पात्यांच्या टोकांना आपोआप लागणारे ब्रेक. ती १९६७ पर्यंत चालली. मग स्वस्त तेलापुढे तिचा हिशेब बसेना.

१९७३ मध्ये तेल भडकलं आणि सगळ्यांना गेडसर आठवलं. चाचण्यांसाठी ती जुनी चक्की पुन्हा फिरवली गेली, त्यात अमेरिकेच्या नासालाही रस होता. तिकडे ख्रिश्चन रीसागर नावाच्या एका सुतारानं यूल यांच्याच धर्तीवर स्वतःची छोटी पवनचक्की बनवली. त्यातूनच डेन्मार्कचा पवनऊर्जा उद्योग वाढत गेला. आज साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर फिरतात त्या चक्क्यांनाही तीनच पाती आहेत.

म्हणजे बघा, १९०४ च्या एका वर्गाचं फळ ५० वर्षांनी मिळालं. हायड्रोजनचे दिवे विझले, माणसांच्या हातातलं कसब टिकलं.

आता आपल्याकडे बघू. शेतात सौरपंप बसतोय, छपरावर पॅनल लागतंय. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतात. पण ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला तर दुरुस्तीला येणारा माणूस तुमच्या गावातला असतो, की तालुक्याहून त्याची वाट बघावी लागते? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!