अग्नी आणि विरजण



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने आतड्यांतील जीवाणूंवर बोलावे, हे आपणांपैकी अनेकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. वैद्यकातला माझा काही अधिकार नाही. पचनाविषयी विचार करताना माणसाने कोणत्या प्रतिमांचा आधार घेतला आणि त्या कशा पालटल्या, एवढाच इतिहास मी मांडणार आहे.

आपल्या परंपरेतील प्रतिमा अग्नीची आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्वतःस प्राणिमात्रांच्या देहातील वैश्वानर म्हणवितात, आणि ज्ञानेश्वरांनी तो विचार मराठीत आणला. आयुर्वेदाची सारी पचनमीमांसा जठराग्नीभोवती उभी आहे. आजही भुकेल्या माणसाच्या ‘पोटात आग पडते’. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीच्या विकारावर स्वतंत्र अध्याय असून तेथे ताकाची प्रशंसा केली आहे. ताक पचायला हलके आणि अग्नी प्रदीप्त करणारे आहे, असे कारणही तेथे दिले आहे. जीवाणूंची कल्पना मात्र त्या ग्रंथात नाही, आणि अभिमानापोटी आपण ती तेथे शोधू नये. अनुभव खरा होता; त्याचे स्पष्टीकरण त्या काळाचे होते.

दुसरी प्रतिमा सूक्ष्मदर्शकाने दिली. १६८१ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने पोट बिघडले असता स्वतःचाच मल भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव त्याला दिसले. पुढे १८८५ मध्ये थिओडोर एशेरिख या बालवैद्याने अर्भकांच्या मलातील जीवाणूचे वर्णन केले. तोच जीवाणू आज त्याच्या नावाने ओळखला जातो. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याला आपल्या देशातील दह्यात एक विशिष्ट जीवाणू आढळला. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी मेचनिकॉफ यांनी असा सिद्धांत मांडला, की मोठ्या आतड्यातील कुजण्याची क्रिया वार्धक्य आणते आणि आंबट दूध ती रोखते. या सिद्धांताने युरोपात दह्याचे मोठे वेड पसरले. तथापि दह्यातील तो जीवाणू आतड्यात कायमची वस्ती करीत नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले. तो पाहुणा आहे. येतो, थोडे काम करतो आणि जातो. दुधातील साखर ज्यांना पचत नाही त्यांना दही सोसते, ते या पाहुण्याच्या मदतीने.

मग कायमचे रहिवासी कोण? २०१६ मधील एका गणनेनुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. साखर, पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन मुख्यतः लहान आतड्यात आपल्याच पाचकरसांनी होते. धान्याचा कोंडा आणि भाज्यांचे तंतू मात्र आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जीवाणू ते आंबवितात. या आंबण्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले निर्माण होतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः त्यांवर जगतात. आपण जेवतो तेव्हा आपल्या पंक्तीला हे असे बसलेले असतात.

आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने एक नोंद महत्त्वाची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निरोगी भारतीयांच्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या दोन गटांचे प्राबल्य दिसले. भारतीयांची ही वस्ती अमेरिकनांहून वेगळी आणि बांगलादेशीयांशी जवळची ठरली. प्रिव्होटेलाचा संबंध तंतुमय आहाराशी जोडला जातो. आपली ज्वारीची भाकरी, कडधान्ये आणि पालेभाज्या अशाच आहारात मोडतात.

ही वस्ती उजाडही होते. प्रतिजैविकांनी असंख्य प्राण वाचविले आहेत. त्यांची निंदा मी करणार नाही. परंतु ती शत्रूबरोबर रहिवाशांनाही मारतात, आणि रिकाम्या जागी कधी कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा घातक जीवाणू माजतो. अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या मलातील जीवाणू देऊन बरे करता येते, हे २०१३ मध्ये हॉलंडमधील एका चाचणीत सिद्ध झाले. ज्या देशात लेव्हेनहूकने मल भिंगाखाली ठेवला, त्याच देशात तो औषध ठरला.

माझ्या बालपणी धारवाडात शेजारच्या अक्का संध्याकाळी वाटी घेऊन येत आणि ‘हेप्पु’ मागत. आई त्यांना चमचाभर विरजण देई. कधी आमचे दही बिघडले, तर तीच वाटी उलट दिशेने जाई. भाषा दोन होत्या, विरजण एकच होते. आई आणि अक्का, दोघींनाही जीवाणू ठाऊक नव्हते; परंतु चांगले विरजण जपावे लागते, आपल्याकडचे संपले तर मागून आणावे लागते, हे दोघींनाही ठाऊक होते.

आज आपल्या नातवंडांच्या ताटातून भाकरी आणि कडधान्ये ओसरत आहेत आणि साध्या सर्दीपडशालाही प्रतिजैविकाची गोळी मागितली जाते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ती गोळी चालत नाही, एवढे जरी आपण घरी सांगितले तरी पुष्कळ साधेल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी आम्हांला परंपरेवर प्रेम करायला शिकविले आणि तिच्याविषयी खोटे न बोलायलाही शिकविले. चरकाच्या ताकाचा आदर करावा आणि पुण्याच्या प्रयोगशाळेचे म्हणणेही ऐकावे, ही माझी त्यांच्या स्मृतीस वंदना.